गाडी माझी, नाव काकांचं!

परराज्यातून सेकंड हँड गाडी घेताना सगळे सांगतात, 'विकणाऱ्यापासून सावध राहा.' पण विकणाऱ्यानं कोणापासून सावध राहायचं?

'सेकंड हँड गाडी? आणि तीही बंगळुरूहून? पुण्यात गाड्या संपल्या का?' बाबांचा हा पहिला डायलॉग. दुसरा त्याहून भारी, 'फ्रीलान्सिंग करतेस ना, मग बस बरी!'

पण माझं ठरलं होतं. रात्री साडेदहाला इंटरव्ह्यू आटपून रिक्षावाल्यांच्या मिनतवाऱ्या करण्याचा कंटाळा आला होता. माझ्या बजेटमध्ये पुण्यात दिसत होत्या त्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या, सीट कव्हर नवं आणि इंजिन राम भरोसे अशा गाड्या. तेवढ्यात बंगळुरूला आयटीत असलेल्या माझ्या मैत्रिणीचा फोन आला. तिच्या सोसायटीतले एक काका गाडी विकत होते. 2016 ची पेट्रोल स्विफ्ट, एकच मालक, 41 हजार किलोमीटर. फोटो बघितले आणि आपण फ्लॅट!

उत्साहाच्या भरात एक शहाणपणा मात्र केला. गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकून मालकाचं नाव, इन्शुरन्सची तारीख, कर्जाचा बोजा, सगळं तपासलं. ई-चलानही पाहिलं, शून्य! मग काय, शुक्रवारी रात्रीची व्होल्वो पकडली.

इंटरव्ह्यू माझाच!

काका बँकेतून रिटायर झालेले. नोकरीची काही वर्षं सोलापुरात काढल्यामुळे मराठी फर्स्टक्लास. टेबलावर त्यांची वही तयार होती. कोणत्या तारखेला किती पेट्रोल भरलं, सर्व्हिसिंगला काय बदललं, टायर कधी घातले, सगळं निळ्या शाईत. मी प्रश्नांची यादी घेऊन गेले होते, पण प्रश्न त्यांनीच विचारले. 'लायसन्स किती वर्षांचं? गाडी तुम्हीच चालवणार ना मॅडम? पुढे कोणाला विकणार तर नाही?' मला वाटलं, काकांचा गाडीत फार जीव आहे. खरं कारण कळायला आणखी दोन महिने जायचे होते.

टेस्ट ड्राइव्ह झाली, मैत्रिणीच्या ओळखीच्या मेकॅनिकनं गाडीखाली शिरून ओके दिला. सौदा तीन लाख वीस हजारांना ठरला. पैसे थेट बँकेतून बँकेत. काकांनी फॉर्म 29, फॉर्म 30 आणि एनओसीसाठीचा फॉर्म 28 भरून ठेवले होते. गाडी दुसऱ्या राज्यात कायमची न्यायची तर मूळ आरटीओची ही एनओसी लागतेच. त्याआधी गाडीवर चोरीची तक्रार नाही ना, याचा पोलिसांकडून अहवाल घेतला जातो आणि टॅक्स थकलेला नाही ना, तेही पाहिलं जातं.

काका म्हणाले, 'असं करू या, एनओसी हातात येईपर्यंत गाडी इथेच राहू दे. आली की घेऊन जावा.'

मी? मला आजच गाडी हवी होती! पुन्हा येण्या-जाण्याचा खर्च, पुन्हा सुट्टी... मी एवढी गळ घातली की काका शेवटी तयार झाले. फक्त त्यांनी एक कागद लिहून घेतला. आज या तारखेला, इतके वाजून इतक्या मिनिटांनी गाडी माझ्या ताब्यात दिली. खाली दोघांच्या सह्या. 'बँकवाले ना!' मी मनात हसले.

टोलनाक्याचे मेसेज

बंगळुरू ते पुणे म्हणजे साधारण साडेआठशे किलोमीटर. मैत्रीण सोबत होती, हुबळीला मुक्काम केला. फास्टॅग अजून काकांचाच. त्यामुळे प्रत्येक टोलनाक्याचा मेसेज त्यांच्या फोनवर! दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचाच फोन, 'कोगनोळी ओलांडलं ना? जेवलात का?' आम्ही दोघी खो खो हसलो. घरी पोचल्यावर टोलचे पैसे त्यांना पाठवून दिले. काकांनी टॅग बंद केला आणि मी विषय बंद केला.

तीन आठवड्यांनी स्पीड पोस्टानं एनओसी आली. मी ती जपून... कपाटात ठेवली. दिवाळी अंकांचं काम होतं, आणि ऑफिसातला प्रत्येक जण सांगत होता, 'अगं, परराज्यातली गाडी बारा महिने चालते. टेन्शन नको घेऊ.'

इथेच फंडा चुकतो, मंडळी! बारा महिन्यांची मुदत आहे ती नव्या राज्याचा नंबर घेण्यासाठी. गाडी विकत घेतल्यावर मालकाचं नाव बदलण्यासाठी मोटार वाहन कायदा खरेदीदाराला 30 दिवस देतो. या दोन मुदतींची आपण सोयीस्कर खिचडी करतो.

आणि मग तो फोन

एका असाइनमेंटसाठी मुंबईला निघाले होते. एक्सप्रेसवे मोकळा, आवडतं गाणं लागलेलं. कारची मर्यादा ताशी 100, माझा काटा 118 वर. कॅमेऱ्यानं आपलं काम चोख केलं. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. 'मॅडम, चलान आलंय. फोटोत गाडी छान दिसतेय.'

मी शरमेनं पाणी पाणी. 'सॉरी काका, आत्ता भरते.'

'भराल हो. पैशाचं नाही.' ते जरा थांबले. 'टीव्हीवर पुण्याकडचा अपघात दाखवला की मी आधी नंबर प्लेट बघतो. बायको म्हणते, गाडी विकली ना, आता कशाला? पण नाव माझंच आहे ना अजून.'

फोन ठेवला आणि वकील मित्राला गाठलं. त्यानं जे सांगितलं त्यानं झोप उडाली. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलंय की, गाडी विकली असली, तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या नजरेत मालक. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे करत बरीच पुढे गेली होती, तरी कागदावर पहिलाच मालक होता.

म्हणजे दोन महिने मी पुण्यात आरामात फिरत होते आणि बंगळुरूत एक रिटायर्ड माणूस माझ्या प्रत्येक ब्रेकची काळजी वाहत होता. 'पुढे कोणाला विकणार तर नाही?' या प्रश्नाचा अर्थ मला आत्ता लागला. सगळे मला सांगत होते, फसू नकोस. मी कोणाला अडकवतेय, हे कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

एमएच-12

सोमवारी सकाळी आरटीओत हजर! एजंट न घेता. गाडीची तपासणी, चासी नंबरची पडताळणी, गाडीच्या वयाप्रमाणे महाराष्ट्राचा टॅक्स, वर माझ्या आळसाचा लेट दंड. तीन चकरा झाल्या. टॅक्स धरला तर गाडी पुण्यापेक्षा स्वस्त पडली, असं काही म्हणता येणार नाही. पण काकांच्या वहीसकट मिळाली, हे काय कमी?

नवं आरसी हातात आल्यावर पहिला फोटो बाबांना नाही, काकांना पाठवला. दोन मिनिटांत फोन.

'झालं बघा! आता चलान तुलाच येणार, पोरी.'

मॅडमची पोरी झाले होते. आणि खरं सांगू? त्या दिवसापासून काटा शंभराच्या पुढे गेलेला नाही.

परराज्यातून गाडी घेताय?

• गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 घेऊन बोजा उतरवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

• शक्यतो एनओसी हातात आल्यावरच गाडी हलवा. आधी नेलीत तर ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सह्या करा.

• इन्शुरन्स आपल्या नावावर करण्यासाठी 14 दिवसांत अर्ज करा. नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाचाच, तो आपल्याला मिळत नाही.

• किंमत ठरवतानाच आपल्या राज्याचा टॅक्स त्यात धरा. जुन्या राज्यात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

• नावबदलाचे 30 दिवस कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. ते फक्त तुमचे नसतात!