कोथरूडमधलं ६५ सिग्नलांचं गाव

मार्केट यार्डाच्या आसपास वाढणाऱ्या पोरांना मालवाहतूक म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पहाटे गुलटेकडीच्या रस्त्याला लागलेली ट्रकची रांग, गाळ्यांपुढे रिकामे होणारे टेम्पो, पाठीवर पोतं घेऊन गर्दीतून वाट काढणारे हमाल हे सगळं त्यांच्या रोजच्या बघण्यातलं. या भागाला आजवर मिळाला नाही तो रूळ. स्वारगेट ते कात्रज या भुयारी मेट्रोत मार्केट यार्डाचं स्थानक धरलेलं आहे आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्या मार्गाची पायाभरणीही झाली आहे. म्हणजे रूळ येतील, पण जमिनीखालून. गाडी कशी धावते, कुणाच्या हुकमाने थांबते, एका रुळावरून दुसऱ्या रुळावर कशी जाते, हे वरून कुणाला दिसणार नाही.

ते ज्यांना बघायचं आहे त्यांनी कोथरूडला जावं. ग. आ. कुलकर्णी पथावर, सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्सच्या वास्तूत, जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. पुणेकर त्याला सरळ ‘जोशी रेल्वे म्युझियम’ म्हणतात. बाहेरून पाहिलं तर आत अख्खं गाव मांडलेलं असेल असं वाटत नाही.

हे गाव उभं केलं भाऊसाहेब जोशी यांनी. लहानपणी लागलेला छोट्या गाड्यांचा नाद त्यांनी मोठेपणीही सोडला नाही. गाड्या जमवल्या, त्यांच्यासाठी रूळ, पूल, घरं, दिवे जमवले आणि ऐंशीच्या दशकात पुण्यात आणि मुंबईत त्यांची प्रदर्शनं भरवली. प्रदर्शनाची मांडणी म्हणजे प्रत्येक वेळी सगळं उलगडायचं, जोडायचं, चालवायचं आणि पुन्हा गुंडाळायचं. ज्याने घरचा गणपतीचा देखावा एकदा तरी लावला-काढला आहे, त्याला हे काम किती जिकिरीचं ते कळेल. शेवटी मांडणीला कायमचं घर मिळालं आणि १९९८ मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरातली जगप्रसिद्ध ‘मिनिएचर वंडरलँड’ सुरू झाली ती २००१ साली. आकाराने ती कितीतरी पटींनी मोठी आहे, पण कोथरूडचं गाव तिच्याहून तीन वर्षांनी वडील आहे. पुण्याने हे अभिमानाने सांगायला हवं.

आत गेल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरतात त्या गाड्या. धूर सोडत जाणारं वाफेचं इंजिन, डिझेलची आणि विजेची इंजिनं, जर्मनीची वेगवान आयसीई, उभ्या चढावर दोराने ओढली जाणारी गाडी. मग हळूहळू गाव दिसू लागतं. सर्कशीचा तंबू आहे, पोहण्याचा तलाव आहे, मोटारीत बसून सिनेमा बघायचं थिएटर आहे, उड्डाणपूल आहेत. निवेदनाबरोबर खेळ पुढे सरकतो, एकेक गाडी आपल्या वेळेला निघते, दिवस कलतो, खोलीतला उजेड उतरतो आणि रस्त्यांवरचे इवले दिवे लागतात. मुलं या क्षणी हमखास पुढे झुकतात. मोठी माणसंही झुकतात.

पण माझं सांगणं असं, की एकदा गाड्या डोळाभर पाहून झाल्या की नजर त्यांच्यावरून काढून सिग्नलवर लावावी. या मांडणीत ६५ सिग्नल आहेत. एका खोलीत मावणाऱ्या गावाला एवढे सिग्नल कशाला, हा प्रश्न पडला की आपण खऱ्या रेल्वेच्या दारात उभे राहिलो म्हणून समजावं. गाडी इंजिनाच्या जोरावर धावते हे खरं, पण एका रुळावर अनेक गाड्या न आदळता धावतात त्या शिस्तीच्या जोरावर. रुळाचे तुकडे पाडायचे, एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी येऊ द्यायची आणि पुढचा तुकडा मोकळा झाल्याशिवाय मागच्या गाडीला हिरवा दिवा द्यायचा नाही. पुणे-लोणावळा लोकल याच नियमाने चालते आणि टेबलावरची बोटभर रुंदीच्या रुळावरची गाडीही याच नियमाने चालते.

यात एक गंमत आहे, ती जवळ जाऊन बघण्यासारखी. नेहमीच्या मॉडेल रेल्वेत दोन रूळ एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवलेले असतात. एका रुळातून वीज चाकात शिरते, मोटर फिरवते आणि दुसऱ्या रुळातून परत जाते. विजेचा दाब वाढवला की गाडीचा वेग वाढतो, प्रवाहाची दिशा उलटवली की गाडी मागे जाते. खऱ्या रेल्वेतही दोन रूळ असेच वेगळे ठेवून त्यांतून अगदी कमी दाबाची वीज सोडलेली असते, मात्र ती गाडी चालवायला नसते. गाडी त्या तुकड्यात आली की तिचे चाक-आस दोन्ही रूळ जोडतात, विजेला जवळची वाट मिळते, पलीकडचा रिले (विजेवर चालणारा खटका) सुटतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. मी इथे आहे हे गाडी स्वतःच्या चाकांनी सांगते. ही युक्ती १८७२ साली अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी काढली आणि आज जगभरच्या लोहमार्गांची सुरक्षितता तिच्यावर उभी आहे.

गाडीला रूळ बदलून देणाऱ्या सांध्याकडेही असंच निरखून बघावं. गाडी वळायच्या आधी सांध्याची दोन निमुळती पाती सरकतात. एक रुळाला घट्ट चिकटतं, दुसरं सुटतं आणि मधे चाकाची कड जाण्यापुरती फट राहते. मोठ्या रेल्वेत चिकटणारं पातं रुळाला नीट बसलं नाही तर सिग्नल पडतच नाही. छोट्या रेल्वेत पातं केसभर जरी उचललेलं राहिलं तरी डबा घसरतो, आणि घसरलेला डबा बघणाऱ्याला लगेच दिसतो. त्यामुळे अशी मांडणी वर्षानुवर्षं चालती ठेवणं म्हणजे रूळ पुसणं, चाकं पुसणं, पाती तपासणं, तारांचे सांधे तपासणं हे न संपणारं काम असतं. खेळ विनाअडथळा पार पडतो तेव्हा त्यामागची ही झाडलोट आपल्याला दिसत नाही. भाऊसाहेबांच्या पश्चात कुटुंबाने हे सांभाळलं आहे, त्याचं मोल मला गाड्यांच्या किमतीपेक्षा जास्त वाटतं.

आता मापाकडे येऊ, कारण खऱ्या रेल्वेला लहान करताना काय काय सोडावं लागतं हे कळल्याशिवाय कारागिरीचं कौतुक अर्धवटच राहतं. जगभर सर्वांत जास्त चालतं ते एचओ हे माप, म्हणजे खऱ्याच्या ८७वा भाग. या मापात पावणेसहा फुटी माणूस दोन सेंटिमीटरचा होतो आणि आपल्या निळ्या आयसीएफ डब्याची लांबी साडेचोवीस सेंटिमीटर भरते. एलएचबी प्रकारच्या सोळा डब्यांची गाडी करायची तर नुसते डबेच सव्वाचार मीटरहून लांब होतात. म्हणून मांडणीतल्या गाड्या आखूड असतात. वळणांचंही तसंच. भारतीय ब्रॉडगेजवरचं सर्वांत तीव्र वळण साधारण १७५ मीटर त्रिज्येचं, ८७ने भागलं तर ते दोन मीटर येतं. एवढी जागा घरात कुणाकडे असते? अर्धा मीटर त्रिज्येत वळण बसवावं लागतं आणि लांब डब्यांची टोकं रुळाबाहेर डोकावतात.

भारतीय हौशी लोकांपुढे आणखी एक पेच आहे. एचओच्या तयार रुळांची रुंदी १६.५ मिलिमीटर असते, कारण ती युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटर गेजवरून काढलेली आहे. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचं, त्याचा ८७वा भाग होतो १९ मिलिमीटरहून थोडा जास्त. म्हणजे आपलं इंजिन हुबेहूब बनवलं तरी बाजारातल्या रुळांवर ते पावणेतीन मिलिमीटर अरुंद पायांवर उभं राहतं. काही जण हे चालवून घेतात, काही जण स्वतः रूळ जोडायला बसतात. दोघांबद्दलही मला आदर आहे.

जोशींचं गाव कल्पनेतलं आहे. त्याची रेल्वे अस्सल नियमांनी चालते, पण ते गाव नकाशावर सापडत नाही. त्यात कमीपणा काहीच नाही. तरी तिथून निघताना मनात हटकून येतो तो आपला बोरघाट. पुण्याच्या माणसाला डोळ्यांपुढे खरी रेल्वे आणायची तर दुसरं कुठलं ठिकाण आठवणार? १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली तेव्हा मुंबईकडचा घाट तयार नव्हता. प्रवासी घाट पालखीतून, तट्टांवरून नाहीतर पायी ओलांडत. घाटाचं काम १८६३ मध्ये पुरं झालं. २५ बोगदे, हजारो मजूर, रोगराईने गेलेले असंख्य जीव. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल काम हाती घेतल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ते कंत्राट तडीस नेलं. खंडाळ्याजवळ तेव्हा रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी एका आंधळ्या फाट्यात शिरायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने वर चढायची. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि ते स्टेशन संपलं. पुढच्याच वर्षी, १ जून १९३० ला, दख्खनची राणी धावू लागली.

कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर. ८७ने भागा, ३२० मीटरच्या वर जातं. चढ साडेपाचशे मीटरचा, तो सव्वासहा मीटर होतो. हे कुणाच्या खोलीत मावणार नाही हे उघड आहे, पण निवडक भाग मावेल. मागून रेटणारी बँकर इंजिनं आणि मंकी हिल किंवा ठाकूरवाडीची कॅच साइडिंग एवढं जरी कुणी केलं तरी घाट उभा राहील. घाट उतरणाऱ्या गाडीसाठी तिथला सांधा मुळातच चढाच्या साइडिंगकडे लावलेला असतो. गाडी आधी थांबून दाखवते, ताबा शाबूत आहे हे सिद्ध करते, मगच तिला खालची वाट मिळते. ब्रेक निकामी झालेली गाडी साइडिंगच्या चढावर आपोआप अडते. पाठ्यपुस्तकातल्या दहा पानांपेक्षा ही एक गोष्ट चालत्या मॉडेलमध्ये मुलाला लवकर कळेल.

खऱ्या जागा अशा जपल्याही गेल्या आहेत. इंग्लंडमध्ये १९५४ साली सुरू झालेल्या पेंडन म्युझियमने एका खोऱ्यातली खरी घरं मोजून, फोटो काढून, ती तशीच्या तशी लहान करून ठेवली आहेत. मूळ खेडी बदलली, संग्रहालयातली घरं मात्र राहिली. खंडाळ्याचं रिव्हर्सिंग स्टेशन आता कधीच परत येणार नाही. त्याचं असं चालतं मॉडेल पुण्यात व्हावं असं मला मनापासून वाटतं, आणि ज्या शहरात भाऊसाहेबांनी एवढं उभं केलं तिथे ते अशक्य नाही.

मार्केट यार्डाकडून जोशींच्या संग्रहालयात जायचं तर स्वारगेटला भुयारी मेट्रो पकडावी, जिल्हा न्यायालय स्थानकावर वनाजच्या गाडीत बदलावं आणि नळस्टॉपला उतरून रिक्षा करावी. निघण्याआधी फोन करून खेळाची वेळ विचारून घ्यावी. घरात कुणी रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा असतील तर त्यांना आवर्जून बरोबर न्यावं आणि त्यांच्या शेजारी बसावं. कुठला सिग्नल आधी पडला आणि का, हे ते निवेदनाच्या आधी सांगतील.