सुई-दोरा आणि घर (लेखांक 5) : काठाचा हिशेब

मागच्या आठवड्यात आपण मशिनला तेल घातलं, बॉबिन भरली आणि जुन्या चादरीच्या तुकड्यावर सरळ टीप मारायचा सराव केला. टीप अजून थोडी वाकडी जात असेल तर काळजी करू नका. आज फक्त सरळ टिपा घालायच्या आहेत आणि त्याही मोजक्याच. कापडसुद्धा विकत आणायचं नाही. नेसणं बंद झालेली एखादी सुती साडी कपाटातून बाहेर काढा. तिच्यातून एका खिडकीचे दोन पडदे आणि दिवाणावरच्या उशांचे दोन अभ्रे होतील, आणि पदर तरीही अख्खा राहील.

साडीच कशासाठी, तर तिच्या काठांसाठी. साडीच्या दोन्ही लांब बाजू विणकराने मागावरच बंद केलेल्या असतात. बाण्याचा धागा तिथे वळून परत आत जातो, म्हणून ती कड उसवत नाही, दुमडावी लागत नाही आणि तिला टीपही लागत नाही. पडदे शिवताना सगळ्यात कंटाळवाणं काम बाजू दुमडण्याचं असतं, आणि नवशिक्याची टीप नेमकी तिथेच वाकडी जाते. ते काम साडीत आधीच झालेलं आहे. आपण बेतताना एवढंच बघायचं की प्रत्येक तुकड्यात काठ कुठे येतो आणि तो आपली कोणती टीप वाचवतो. साडी हातात आली की लगेच कात्री चालवायची घाई होते, पण अर्धं शिवणकाम बेतण्यातच असतं हे माझं ठाम मत आहे.

माझ्या खोलीतले पडदे आईच्या इरकलीचे आहेत. गर्द जांभळं अंग, लाल काठ. साडी मागितली तेव्हा आई म्हणाली, "अंगाचं काय हवं ते कर, पदर तेवढा कापू नकोस." मी तो कापला नाही. इरकलीचा पदर अंगाबरोबर सलग विणलेला नसतो. अंगाचे आणि पदराचे ताण्याचे धागे एकमेकांत अडकवून तो जोडलेला असतो. त्या जोडावरून बोट फिरवलं की बारीकशी उंच रेघ लागते. पडद्याचा तुकडा त्या रेघेच्या अलीकडेच संपवा. सुती अंग आणि रेशमी पदर धुतल्यावर सारखे आटत नाहीत, त्यामुळे एकाच पडद्यात दोन्ही आले तर जोडावर चुण्या पडतात.

आता साडी तपासू. आधी फॉल उसवा. फॉल निघाला की सुईच्या भोकांची एक ओळ दिसेल. ती पाण्यात भिजवून, उलट्या बाजूने इस्त्री केली की बरीचशी बुजते. मग साडी उजेडासमोर धरा. जिथे निऱ्या खोचल्या जात आणि जिथे बसताना ताण येई, तिथे कापड विरलेलं असतं. उजेडात तो भाग जाळीसारखा दिसतो. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणा. चर्र असा आवाज आला तर तो भाग सोडून बेतायचा. खालचा काठ जमिनीला घासून वरच्यापेक्षा जास्त झिजलेला असतो. म्हणून जोडीतला एक पडदा उलटा फिरवायचा, म्हणजे दोन्ही झिजलेले काठ भिंतीकडे जातात आणि चांगले काठ मध्ये समोरासमोर येतात. साडीवर फुलं किंवा मोर एकाच दिशेने असतील तर मात्र हे जमत नाही.

रेशमी साडी पडद्याला घेऊ नका. उन्हाने रेशीम कमजोर होतं, रंग उडतो आणि घडीच्या रेषेवर कापड चिरत जातं. पैठणी तर कोणत्याच कारणासाठी कापू नये. नेसवत नसेल तर सुती कापडात गुंडाळून ठेवावी, मधूनमधून घडी बदलावी, आणि घरात नेसणारं कोणी असेल तर त्यांना द्यावी.

मापं घेऊ. समजा खिडकी 4 फूट रुंद आणि 4 फूट उंच आहे. पडद्याचा गज चौकटीच्या वर 4 इंच आणि दोन्ही बाजूंना 4-4 इंच बाहेर काढायचा, म्हणजे गज झाला 56 इंचांचा. पडदा अंगभर चुण्यांचा दिसायला हवा तर कापडाची एकूण रुंदी गजाच्या किमान दीडपट लागते, म्हणजे 84 इंच. साडीचा पन्हा साधारण 45 इंच असतो. दोन पन्ह्यांचे झाले 90. जोड द्यायची गरज नाही आणि बाजूंना काठ उभे येतात. उंचीत गजापासून चौकटीपर्यंत 4, खिडकीचे 48 आणि खाली 8, असे 60 इंच होतात. वर नेफ्यासाठी 3 आणि खाली दुमडायला 4 धरले की प्रत्येक तुकडा 67 इंचांचा बेतायचा.

साडेपाच मीटरची साडी म्हणजे सुमारे 216 इंच. पदराचे 36 बाजूला ठेवले तर 180 उरतात. दोन पडद्यांचे 134 गेले की हातात 46 इंच राहतात. ते अभ्र्यांसाठी. नऊवारी असेल तर ती सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते, म्हणून दाराचे पडदे काढायला तीच बरी.

सुती साडी मऊ झालेली असते आणि कात्रीखाली सरकते. म्हणून धुऊन झाल्यावर तिला हलकी खळ द्या आणि कडक इस्त्री करा. पहिल्या पडद्यांच्या वेळी मी खळ दिली नव्हती, आणि दोन पडद्यांच्या उंचीत पाऊण इंचाचा फरक पडला. जिथे कापायचं तिथे खडूने रेघ मारण्यापेक्षा चांगली युक्ती आहे. काठाला अर्धा इंच छेद द्या, तिथला बाण्याचा एक धागा सुईच्या टोकाने उचला आणि हळूहळू ओढा. कापड गोळा होत जाईल, धागा तुटला तर पुन्हा उचला. तो निघून गेला की कापडात एक बारीक रिकामी रेघ राहते. त्या रेघेवरून कात्री चालवली की तुकडा अगदी काटकोनात कापला जातो.

शिवायला 11 नंबरची सुई घ्या. 16 नंबरची सुई पातळ सुती कापडाला भोकं पाडते. वरची कड अर्धा इंच आत दुमडून इस्त्रीने दाबा, मग अडीच इंच दुमडा आणि टीप मारा. हा झाला नेफा. पायजम्याला असतो तसाच, फक्त नाडीच्या जागी गज. खाली अर्धा इंच आणि मग साडेतीन इंच दुमडून टीप. एका पडद्याला दोनच टिपा, काम संपलं. टीप सुरू करताना वरचा आणि खालचा असे दोन्ही दोरे मागे धरून ठेवा, नाहीतर पहिल्याच टाक्याला खाली गुंता होतो. मशिन नसेल तर दुहेरी दोऱ्याने हातशिलाई करा, दर चार-पाच टाक्यांनंतर एक उलटा टाका घाला. खर्च एका रिळाचा, आणि गज घरात नसेल तर गजाचा.

नेफ्याचा पडदा रोज सरकवायला थोडा जड जातो. दिवसातून चार वेळा उघडणाऱ्या खिडकीला क्लिपच्या कड्या लावा. तळमजल्यावर राहत असाल तर रात्री दिवा लागल्यावर पातळ साडीतून आतलं सगळं बाहेर दिसतं, तेव्हा मागे मांजरपाटाचं अस्तर हवंच. पश्चिमेच्या खिडकीलाही ते लावा, काठांचे रंग टिकतात. मांजरपाट कापण्याआधी धुवा, तो बराच आटतो. आणि गॅसजवळच्या खिडकीला कोणत्याही साडीचा पडदा लावू नका, सिंथेटिकचा तर मुळीच नको.

आता अभ्रे, आणि इथे काठ खरा कामाला येतो. 16 इंची चौकोनी उशीला साडीच्या लांबीतले 17 इंच घ्या, पन्हा मात्र पूर्ण 45 इंच राहू द्या. उशीच्या पुढच्या-मागच्या बाजूंना मिळून 32 इंच लागतात, उरलेले 13 एकमेकांवर येतात. दोन्ही टोकांना काठ आहेत, म्हणून दुमडणं नाही, चेन नाही, बटण नाही. तुकड्याची सुलट बाजू वर ठेवून तो पसरा. जो काठ उशीच्या दर्शनी बाजूला दिसायला हवा तो आधी मध्याकडे दुमडा, दुसरा त्याच्यावर दुमडा. घडी 16 इंच रुंद झाली पाहिजे. उघड्या दोन बाजूंना अर्धा इंच सोडून टीप मारा. उलटवलं की आधी दुमडलेला काठ वर येतो आणि उशीच्या दर्शनी बाजूला पट्टा दिसतो. लोक विचारतात, ही पट्टी वेगळी लावली का? नाही, ती साडीचीच आहे.

उसवलेला फॉलही वाया घालवू नका. तो उभा दुमडून शिवला की पडदे दिवसा बाजूला बांधायचे पट्टे होतात. आईच्या इरकलीचा पदर मी टीपॉयवर आडवा घातला आहे, एकही टाका न घालता.

बेतताना उरलेल्या चिंध्या, विरलेले भाग आणि आखूड पट्ट्या एका पिशवीत जमा करा. पुढच्या आठवड्यात आपण छोटी गोधडी घालायला घेणार आहोत, आणि तिच्या आतल्या थरांना हेच मऊ झालेलं कापड लागतं.