सरपण उन्हाळ्यातच घ्यावे

नागपूर जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान पुष्कळदा १० अंशांखाली उतरते. पाणी तापविण्यास व शेकोटीस सरपण लागते. धावडा, बाभूळ यांच्या जड लाकडाचा निखारा बराच वेळ टिकतो. तथापि ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. असे लाकूड तोलून घेणारा पाण्याचेच पैसे मोजतो. शिवाय त्याचा धूर स्त्रिया-मुलांच्या डोळ्यांस व छातीस बाधतो. म्हणून खरेदी उन्हाळ्यात करावी. टोकांस तडे गेलेले, एकमेकांवर आपटता खणखणीत वाजणारे लाकूड निवडावे. ते फोडून, दगडांवर हवा खेळेल असे रचावे. मृगापूर्वी वरून झाकावे. बाजू मात्र मोकळ्या ठेवाव्यात. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावातील एका घरी ही रचना करून दाखवावी.