जालन्याच्या हवेत काचेतली मेणबत्ती: मेण आणि वात यांची निवड

काचेच्या भांड्यात ओतलेली मेणबत्ती नीट जळते की नाही, हे मेण, वात आणि भांडे या तिघांच्या मेळावर ठरते. यांतील एक बदलले की उरलेल्या दोहोंची निवड नव्याने तपासावी लागते. जालना जिल्ह्यात या तिघांच्या जोडीला हवामानाचाही विचार करावा लागतो, कारण मे महिन्यात येथील पारा ४० अंश सेल्सिअस ओलांडतो, पत्र्याच्या छपराखालील खोली किंवा उन्हात उभी असलेली बंद गाडी त्याहून तापते, आणि थंड प्रदेशांत रूढ झालेली मिश्रणाची प्रमाणे या उष्णतेचा विचार करून ठरवलेली नसतात.

मेण निवडताना प्रथम पाहावयाचा तो त्याचा द्रवणांक, म्हणजे घन पदार्थ ज्या तापमानाला वितळतो तो बिंदू. मेण हे अनेक घटकांचे मिश्रण असल्याने प्रत्यक्षात तो एक आकडा नसून लहानसा पट्टा असतो. खनिज तेलापासून मिळणारे पॅराफिन, ज्याचा शोध १८३० मध्ये कार्ल फॉन रायखेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लावला, अनेक प्रतींत मिळते. त्यांतील ५८ ते ६० अंशांना वितळणारी प्रत भारतीय बाजारात सहज उपलब्ध असते. मधमाशांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. सोया मेण म्हणजे सोयाबीनच्या तेलाचा हायड्रोजनशी संयोग घडवून घट्ट केलेला पदार्थ. वनस्पती तूप ज्या प्रक्रियेने तयार होते, तीच येथे अधिक पुढे नेलेली असते. भांड्यासाठी बनवलेले सोया मेण साधारणपणे ४५ ते ५२ अंशांना वितळते, आणि ते वितळण्याच्या पुष्कळ आधी मऊ पडते. सोयाबीन हे जालना जिल्ह्यातील खरिपाचे प्रमुख पीक असले, तरी त्याच्या तेलापासूनचे हे मेण जिल्ह्यातील उन्हाळ्यात एकट्याने तग धरीलच, असे गृहीत धरता येत नाही.

केवळ कठीण मेण वापरूनही हा प्रश्न सुटत नाही. उभ्या मेणबत्तीला स्वतःचा भार पेलायचा असतो, म्हणून तिच्यासाठी पॅराफिनमध्ये स्टिअरिक आम्ल मिसळून ते कडक करतात. परंतु असे मेण थिजताना आकसते, काचेपासून सुटते आणि वातीभोवती खड्डा पडतो. भांड्यातल्या मेणाने काचेला धरून राहायला हवे, म्हणून मऊ मेणात कठीण मेणाचा मर्यादित अंश मिसळणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. वजनाने ७० ते ८० टक्के सोया मेण आणि उरलेले पॅराफिन, किंवा ८५ ते ९० टक्के सोया मेण आणि उरलेले मधमाशांचे मेण, ही प्रमाणे प्रयोगाच्या आरंभासाठी योग्य आहेत. मिश्रणाचा द्रवणांक घटकांच्या सरासरीवरून नेमका काढता येत नाही, म्हणून प्रत्येक मिश्रण थिजवून पाहावे लागते.

वातीचे काम समजण्यासाठी समईशी तुलना उपयोगी पडते. दोन्हींत केशाकर्षणाने, म्हणजे धाग्यांमधील सूक्ष्म फटींतून द्रव आपोआप वर चढल्याने, इंधन ज्योतीपर्यंत पोहोचते आणि तेथे त्याची वाफ होऊन ती वाफच जळते. मात्र समईतील वात हाताने पुढे सारता येते, तर मेणबत्तीच्या वातीला मेणाच्या पातळीबरोबर स्वतःच जळत खाली यावे लागते. केवळ पीळ दिलेल्या जुन्या वातीचे जळके टोक वारंवार कापावे लागे. १८२५ च्या सुमारास फ्रान्समधील कांबासेरेस यांनी वेणीसारखी विणलेली वात आणली, जिचे टोक जळताना वाकून ज्योतीच्या तप्त कडेशी येते आणि तेथे जळून जाते. कापसाच्या या जिल्ह्यात घरी वळलेली वात मुबलक असली, तरी ती भांड्यातल्या मेणात सरळ उभी राहत नाही आणि तिची जाडी एकसारखी नसते. म्हणून विणलेली, मेणात बुडवून ताठ केलेली आणि तळाशी धातूची चकती असलेली सुती वात घेणे श्रेयस्कर.

वातीची जाडी भांड्याच्या आतील व्यासावरून ठरवतात. वेगवेगळ्या उत्पादकांचे वातीचे क्रमांक परस्परांशी जुळत नसल्याने एकाच मापाच्या तीन भांड्यांत एकच मिश्रण ओतून लागोपाठच्या तीन जाडीच्या वाती लावून पाहाव्यात. दर अडीच सेंटिमीटर व्यासाला सुमारे एक तास या हिशोबाने वितळलेले मेण काचेच्या कडेपर्यंत पोहोचावे आणि त्याची खोली एक सेंटिमीटरच्या आसपास राहावी. वात बारीक असेल तर मध्येच खोल भोक पडून कडेचे मेण वाया जाते; ती जाड असेल तर काजळी धरते, टोकावर काळी गाठ येते आणि काच धोकादायक रीतीने तापते. मधमाशांच्या मेणाचा अंश वाढवल्यास बहुधा वातही जाड लागते.

सुगंधी तेल मेणाच्या वजनाच्या सहा ते आठ टक्क्यांपर्यंत पुरते. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन लाभले असल्याने तिच्या सालीचे तेल वापरण्याची कल्पना आकर्षक आहे, परंतु लिंबूवर्गीय तेले लवकर उडून जातात आणि ५० अंशांच्या आसपासच त्यांच्या वाफा ठिणगीने पेटू शकतात, म्हणून ती ज्योतीपासून दूरच मिसळावीत. वाळलेली साल तर मेणात घालूच नये, कारण तीच दुसरी वात बनते. मेण नेहमी गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवावे, आणि पेटलेल्या मेणावर पाणी कधीही ओतू नये. झाकण ठेवून हवा तोडावी.

शेवटचा निर्णय दोन ऋतूंतील परीक्षेवरच सोपवावा लागतो. मे महिन्यात तापलेल्या खोलीत ठेवलेली मेणबत्ती पाझरली किंवा खचली, तर मिश्रणात कठीण मेण वाढवावे. डिसेंबरच्या गारठ्यात मेण काचेच्या कडेपर्यंत वितळले नाही, तर वात एका मापाने जाड करावी. विक्रीसाठी मेणबत्त्या करणाऱ्या बचत गटाने एकच भांडे निश्चित करून प्रत्येक बदलाची वजनासह नोंद ठेवली, तर ग्राहकाच्या घरात सुरक्षितपणे जळणारी वस्तू देण्याची जबाबदारी त्याला खात्रीने पार पाडता येईल.