पाच टॅबांचा ठरलेला क्रम

सकाळी ९. औरंगपुऱ्यातल्या आमच्या सेवा केंद्राचं शटर वर गेलं की आधी ब्राउझर सुरू होतो. जून-जुलैत, प्रवेशाच्या दिवसांत, दारात माणसं उभीच असतात. पाच टॅब पिन केलेले आहेत आणि त्यांचा क्रम मी मोडू देत नाही: आपले सरकार, महाडीबीटी, डिजिटल सातबारा, सीईटी कक्ष आणि व्हॉट्सॲप वेब. पिन केलेले टॅब डाव्या कडेला राहतात, नवे त्यांच्या उजवीकडे उघडतात. त्यामुळे कंट्रोल धरून ३ दाबलं की सातबाराच समोर येतो.

सकाळी १०. फुलंब्रीचे एक काका. "ताई, साडेअकराची एसटी गाठायचीय." डिजिटल सहीचा सातबारा, शुल्क १५ रुपये. शिवाय लेकीसाठी उत्पन्नाचा दाखला. तिची कागदपत्रं व्हॉट्सॲपवर आलेली, म्हणून कंट्रोल-५. ती उतरवून घेतली की कंट्रोल-१, आणि अर्ज सुरू. माउस शोधायला हात कीबोर्डवरून उठत नाही, नजर फॉर्मवरून हलत नाही. आठपर्यंतचे आकडे त्या-त्या टॅबवर नेतात. ९ मात्र नेहमी शेवटच्या टॅबवर, टॅब कितीही असोत.

दुपारी १२. खरी गर्दी. दोन विद्यार्थी, दोघांचंही महाडीबीटी. इथे सगळ्यात जास्त जपावं लागतं. एकाच ब्राउझरच्या दोन टॅबांत दोन खाती चालत नाहीत. दुसऱ्याचं लॉगिन झालं की पहिल्याच्या टॅबमध्येही तेच खातं धरलं जाऊ शकतं, आणि एकाची माहिती दुसऱ्याच्या अर्जात जाण्याची भीती असते. शिष्यवृत्तीच्या अर्जात असं होणं म्हणजे पोराचं वर्षभराचं नुकसान. म्हणून दुसऱ्यासाठी कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून इन्कॉग्निटो खिडकी उघडते. तिसऱ्याला मी थांबायला सांगते, कारण सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या आपसांत एकच लॉगिन वापरतात.

दुपारी ३. जेवण, चहा.

दुपारी ४. हाताखाली शिकणाऱ्या मुलीकडून चुकून टॅब बंद झाला. कंट्रोल-शिफ्ट-टी दाबलं, टॅब परत आला. भरलेली माहिती परत येईलच असं नाही, म्हणून 'जतन करा' मध्ये-मध्ये दाबायची सवय मी तिला लावते आहे. इन्कॉग्निटोत बंद झालेला टॅब तर असा परत येतच नाही. आकडे पाठ होईपर्यंत तिने कंट्रोल-टॅबने पुढे आणि शिफ्ट जोडून मागे जावं.

रात्री ८. दिवसभरात शेकडो आधार क्रमांक, बँक खाती या पडद्यावरून जातात. कंट्रोल-डब्ल्यूने टॅब बंद होतो, लॉगिन मात्र तसंच राहू शकतं. म्हणून प्रत्येक अर्जानंतर आधी लॉगआउट, मग कंट्रोल-डब्ल्यू. तुम्हीही कुठल्याही केंद्रातून उठण्याआधी आपलं खातं लॉगआउट झालं का, हे जरूर विचारा.