अमेरिकन संगिनी : ओळख आणि संग्रह

जुन्या शस्त्रांचा संग्रह म्हटला की तलवारी, कट्यारी, भाले डोळ्यांपुढे येतात. बंदुकीच्या टोकाला अडकवावयाच्या संगिनीकडे सहसा कोणी वळत नाही. तिच्यावर नक्षी नाही, मुठीत रत्ने नाहीत, कोणा सरदाराचे नाव तिच्याशी जोडलेले नाही. ती कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडलेली वस्तू आहे. परंतु नेमक्या याच कारणाने ती अभ्यासकाच्या उपयोगी पडते. कारखाना आपल्या मालावर खुणा उमटवतो आणि त्या वाचता आल्या की वस्तूचे चरित्र हाती लागते. अमेरिकन सैन्याच्या संगिनी हे याचे उत्तम उदाहरण होय.

संगिनीचे मूळ काम बंदुकीचा भाला करणे हे. एक बार झाल्यावर पुन्हा ठासण्यास वेळ लागत असे, त्या काळी घोडेस्वारांपुढे पायदळाला तिचाच आधार होता. अमेरिकनांच्या जुन्या संगिनींना मूठ नसे. नळीवर बसणारी एक पोकळ खोबण आणि तिला जोडलेले तिधारी टोकदार पाते, एवढेच तिचे रूप. १८९२ मध्ये क्रॅग रायफल आली आणि तिच्याबरोबर सुमारे पावणेबारा इंच पात्याची, मूठ असलेली, सुरीसारखी संगीन आली.

पुढे १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीला पात्याऐवजी नळीखालून ओढून काढावयाची एक बारीक सळई दिली होती. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना ती मुळीच पसंत पडली नाही. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी युद्धमंत्री टॅफ्ट यांना पत्र लिहून तिच्यावर कडक टीका केली. परिणामी १६ इंच पात्याची ‘मॉडेल १९०५’ संगीन जन्मास आली. रायफल आखूड झाली होती, तेव्हा पाते लांबवून तिचा पल्ला भरून काढला, हा त्यातील हिशेब.

येथून ओळखीची खरी परीक्षा सुरू होते. पहिल्या महायुद्धापर्यंतच्या मॉडेल १९०५ वर मुठीजवळ एका बाजूस ‘एसए’ म्हणजे स्प्रिंगफील्ड, किंवा ‘आरआयए’ म्हणजे रॉक आयलंड, ही अक्षरे, ज्वाला निघणारा बॉम्बगोळा आणि साल असते. दुसऱ्या बाजूस ‘यूएस’ व अनुक्रमांक असतो. येथील साल हे ती संगीन घडल्याचे साल होय.

याउलट १७ इंच पात्याच्या ‘मॉडेल १९१७’ वरील १९१७ हा आकडा नमुन्याचा आहे, घडणीचा नव्हे. ही संगीन रेमिंग्टन व विंचेस्टर यांनी केली आणि तिचा नमुना मूळचा ब्रिटिशांचा. म्हणूनच तिच्या काही भावंडांवर १९१३ हा आकडा आढळतो. तो पाहून संगीन महायुद्धापूर्वीची आहे असे समजणारा नवखा फसतो, कारण तोही नमुन्याचाच आकडा आहे. मुठीच्या लाकडावरील दोन खोल आडव्या चरा हीदेखील या जातीची खूण आहे. सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या ब्रिटिश संगिनीपासून ती वेगळी ओळखता यावी, यासाठी त्या चरा पाडल्या होत्या.

१९४२ मध्ये १६ इंची संगीन पुन्हा घडू लागली. या वेळी काम खाजगी कारखान्यांना दिले होते, मुठीला लाकडाऐवजी प्लॅस्टिक आले. पण वर्षभरातच सैन्याचे मत पालटले. मोटारीतून, विमानातून जाणाऱ्या सैनिकाला एवढे लांब पाते अडचणीचे होऊ लागले. १९४३ मध्ये १० इंच पात्याची ‘एम १’ संगीन आली आणि हातातील लांब संगिनीही मोठ्या संख्येने कापून १० इंची करण्यात आल्या. पात्याच्या अंगावर जी लांबट पन्हळ असते ती पाहिली की दोहोंतील भेद कळतो. मुळातच १० इंची असलेल्या पात्यावर पन्हळ टोकाच्या अलीकडे थांबते. कापलेल्या पात्यावर ती थेट टोकापर्यंत जाते, कारण टोकच नंतर पाडलेले असते.

१९४४ मध्ये कार्बाइनसाठी ‘एम ४’ आली. तिचे पाते अवघे पावणेसात इंच. पुढे १९५० नंतरच्या एम ५, एम ६ व एम ७ यांनीही सुमारे हीच लांबी ठेवली. एम ७ ही एम १६ रायफलीची संगीन. भाल्याची सुरी झाली, ती बंदुकीला अडकविण्यापेक्षा दोरी कापण्यास अधिक लागू लागली. तथापि फेब्रुवारी १९५१ मध्ये कोरियात कॅप्टन लुईस मिलेट यांनी एका टेकडीवर संगिनींनी चढाई केली, आणि २०१० मध्ये मात्र अमेरिकन लष्कराने नव्या भरतीच्या प्राथमिक शिक्षणातून संगिनीचा सराव वगळला. सोळा इंचांपासून पावणेसात इंचांपर्यंतचा हा उतार म्हणजे हातघाईच्या लढाईच्या ओसरण्याचा आलेख होय.

आता संग्रहाविषयी. कापलेली संगीन म्हणजे खराब झालेली संगीन, असे पुष्कळांना वाटते. आमचे मत याच्या उलट आहे. जी लाकडी मुठीची जन्मली, नंतर कारखान्यात राखाडी मुलामा व प्लॅस्टिकची मूठ लेवून, कापली जाऊन परतली, तिने दोन युद्धांची हकिगत आपल्या अंगावर लिहून ठेविली आहे. अशा संगिनीला ‘मूळ रूप’ द्यावयाच्या हौसेने जुनी लाकडी मूठ बसविणे, वाळूकागदाने पाते चकचकीत करणे, हे त्या लेखावर बोळा फिरविण्यासारखे आहे. अक्षरे एकदा घासली गेली की परत येत नाहीत. कोरड्या फडक्याने धूळ पुसावी, तेलाचा पातळ हात द्यावा, ओलावा धरणाऱ्या चामड्याच्या म्यानात पाते फार काळ ठेवू नये. एवढी निगा पुरे.

विक्रेत्याच्या गोष्टीवर विसंबू नये, लोखंडावर विसंबावे. पात्याची लांबी मोजावी, अक्षरांची नोंद करावी, मूठ, परज आणि म्यान एकाच काळातील आहेत की नंतर जुळविली आहेत हे पाहावे, व जे आढळेल ते वहीत उतरून ठेवावे. आपल्याकडील शस्त्रांच्या नियमांत संगिनीचा समावेश तलवारीच्या जोडीनेच आहे, तेव्हा ती जवळ बाळगण्यापूर्वी कायदा विचारून घेणे इष्ट.

शेवटी एक गोष्ट विसरता कामा नये. ही शस्त्रे माणसे मारण्यासाठी घडली. त्यांचा संग्रह शोभेसाठी केला तर तो नुसता छंद, किंबहुना थोडा क्रूर छंद ठरेल. त्यांवर उमटलेले सत्य जसेच्या तसे पुढच्यांच्या हाती देण्यासाठी केला, तरच त्याला इतिहासाची सेवा म्हणता येईल.