नकळत दिलेली गोळी

‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ ही जाहिरात वाचून एका वाचक भगिनींनी विचारलंय, नवऱ्याच्या भाजीत गोळी कालवली तर चालेल का?

नाही. मुळीच नाही.

डॉक्टर देतात ती गोळी डायसल्फिराम. तिच्याच कुळातली रसायनं रबर उद्योगात वापरतात. ती हाताळणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही, हे ई. ई. विल्यम्स या अमेरिकी कारखाना-डॉक्टरने १९३७ सालीच टिपलं. यात दारूवरचा इलाज असेल, असंही सुचवलं. कुणी मनावर घेतलं नाही! पुढच्या दशकात कोपनहेगनमध्ये याकोबसेन आणि हाल्ड हे संशोधक हेच डायसल्फिराम जंतांवरचं औषध म्हणून स्वतः गिळून पाहत होते. वरून दारू पोटात गेली आणि त्रास सुरू झाला. श्रेय त्यांना मिळालं, विल्यम्स मागेच राहिला.

दारूचं शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, मग एक विकर त्याचा निचरा करतं. गोळी त्या विकराला कायमचं निकामी करते. नळ चालू आणि मोरीला बोळा! तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या. रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. नवं विकर तयार होईपर्यंत, म्हणजे गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत, हा धोका राहतो.

गंमत पुढेच आहे. कुणाला खरी गोळी, कुणाला खोटी हे लपवून घेतलेल्या चाचण्यांत डायसल्फिरामचा फायदा दिसत नाही. उघड दिलं की दिसतो. कारण लपवाछपवीत खोट्या गोळीवालाही तेवढाच धास्तावतो. म्हणजे काम करते ती ‘आपण गोळी घेतलीय’ ही जाणीव. सकाळी चहानंतर एकदा ठरवलं, की संध्याकाळी गुत्त्यासमोर पुन्हा ठरवावं लागत नाही. नकळत दिली तर हा फायदा शून्य आणि धोका तेवढा पूर्ण.

मुंबईच्या डॉ. अविनाश डिसूझा यांच्या २००४ सालच्या अभ्यासात शंभर पुरुष होते, गोळीवर घरच्यांची नजर होती. वर्षअखेर डायसल्फिराम घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के दारूपासून दूर राहिले, नाल्ट्रेक्सोन हे दुसरं औषध घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के. तलफ मात्र नाल्ट्रेक्सोननेच जास्त कमी केली. शिवाय या सगळ्यांना साथ देणारं घर होतं, हे विसरू नये.

तेव्हा ताई, त्यांना मनोविकार विभागाच्या ओपीडीत सोबत घेऊन जा. आधी यकृत, हृदय तपासून घ्या. आणि रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. फिट येऊ शकते.